दोन लोहमार्गांमधील मुलूख

वऱ्हाड प्रांताचे मेळघाट, पयनघाट आणि बालाघाट असे तीन भाग मानण्याची वहिवाट फार जुनी आहे. मेळघाट म्हणजे उत्तरेकडील सातपुड्याचा डोंगराळ मुलूख. पयनघाट म्हणजे पूर्णा नदीचे सखल, काळ्याभोर जमिनीचे खोरे. आणि बालाघाट म्हणजे त्या खोऱ्याच्या दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेवर पसरलेले पठार. अमडापूर हे गाव या तिसऱ्या भागातले. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यात, पठाराच्या उत्तर अंगाला ते वसलेले आहे. बल्लाळी देवीच्या टेकडीमुळे त्याचे नाव पंचक्रोशीत सर्वतोमुखी आहे. अमडापुराहून चिखली सुमारे 20 किलोमीटर, तर घाटाखालचे खामगाव सुमारे 35 किलोमीटर. जुन्या हिशेबाने सांगावयाचे तर चिखली सहा कोस आणि खामगाव अकरा कोस. मोटारीतून फिरणाऱ्या आजच्या मनुष्यास हे अंतर क्षुल्लक वाटेल. परंतु त्या अकरा कोसांत एक घाट आहे, आणि त्या घाटाने वरच्या गावांच्या नशिबाला जे वळण दिले ते मात्र क्षुल्लक म्हणता येणार नाही.

या पठारावर पडणाऱ्या पावसाचे दोन वाटे होतात. उत्तरेच्या उतारावरील पाणी पूर्णेस मिळते आणि तापीवाटे पश्चिम समुद्रास जाते. दक्षिणेच्या उतारावरील पाणी पैनगंगेवाटे, अथवा पूर्णा हेच नाव धारण करणाऱ्या दुसऱ्या नदीवाटे, गोदावरीस मिळून पूर्व समुद्रास जाते. निसर्गाने पाण्याची जी वाटणी केली, जवळजवळ तशीच वाटणी एकोणिसाव्या शतकात मनुष्याने लोहमार्गांची केली. एक लोहमार्ग पठाराच्या उत्तरेने गेला, दुसरा दक्षिणेने. आणि या दोहोंमधील मुलूख दोन्हींकडे पाहत राहिला. अमडापूर त्या मधल्या मुलखातले एक गाव होय. रस्ता, टपाल, शाळा, दवाखाना या ज्या गोष्टींना शहरातील कुटुंबे नळाच्या पाण्याइतकी सहज मानतात, त्या अशा गावांपर्यंत कोणत्या वाटेने आल्या आणि वाटेत कोठे अडल्या, हे समजून घेण्यासाठी या मुलखासारखे दुसरे उदाहरण शोधावयास नको.

लोहमार्गापूर्वी या प्रदेशात वाटा नव्हत्या असे मात्र कोणी समजू नये. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणाऱ्या फौजांना बऱ्हाणपूर सोडल्यावर अजिंठ्याची रांग चढावीच लागे. 1724 साली निजाम-उल्-मुल्काने मोगल सुभेदार मुबारिजखान याचा पराभव करून दक्षिणेतील आपल्या सत्तेचा पाया घातला, ती साखरखेर्ड्याची लढाई याच बालाघाटावर झाली. 1803 साली असईच्या लढाईनंतर वेलस्लीची फौज हीच रांग उतरून अडगावच्या रणांगणाकडे गेली. परंतु फौजेची वाट आणि रयतेची वाट यांत भेद असतो. फौज एकदा जाते. रयतेला वर्षानुवर्षे जावे-यावे लागते. रयतेचा माल वाहण्याचे काम बंजाऱ्यांचे तांडे करीत. सहस्रावधी बैलांच्या पाठीवर गोणी लादून ते कोकणपट्टीचे मीठ वर आणीत आणि वऱ्हाडचा कापूस पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत, पाचशे मैलांहून अधिक दूर, नेऊन पोहोचवीत. इंग्रजांच्या फौजादेखील धान्यासाठी याच तांड्यांवर अवलंबून असत. 1825-26 च्या सुमारास मुंबईच्या विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने वऱ्हाडातून मुंबईस कापूस पाठविण्यास प्रारंभ केला, तेव्हा तोही सुमारे पाचशे बैलांच्या पाठीवरूनच गेला.

बैलाच्या पाठीवरील या वाहतुकीत एक गुण होता. बैलाला सडक लागत नाही. घाटातील पाऊलवाट, नदीचा उतार, माळावरचा दगडगोटा यांतून तो जातो. त्यामुळे घाटाखालचे गाव आणि घाटावरचे गाव यांत फारसा भेद पडत नसे. दोघांनाही माल सारखाच महाग पडे आणि सारखाच उशिरा मिळे. गैरसोय होती, परंतु ती सर्वांची सारखी होती. हा सारखेपणा पुढे लोहमार्गाने मोडला.

1853 चा वसंत ऋतू वऱ्हाडच्या इतिहासात विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्या वर्षी 16 एप्रिल रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. चारच दिवसांनी, 20 एप्रिल रोजी, गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने हिंदुस्थानातील लोहमार्गांविषयीचे आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. लष्कराची जलद हालचाल आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हवा असलेला कापूस बंदरापर्यंत नेणे, या दोन गोष्टींवर त्यात मोठा भर होता. त्यानंतर महिनाभरात, 21 मे रोजी, निजामाशी तह होऊन हैदराबाद कन्टिन्जंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला. आगगाडी, कापसाची भूक आणि कापसाचा प्रांत, ही तिन्ही अवघ्या पाच आठवड्यांच्या आत एकत्र यावीत, हा योग खरोखर विलक्षण होय. यापुढे वऱ्हाडात जे जे मार्ग झाले, त्यांवर या तीन गोष्टींची छाया पडलेली आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा भुसावळहून पूर्वेकडे निघाला आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला, बडनेरा या मार्गाने 1867 साली नागपुरास पोहोचला. हा मार्ग पूर्णेच्या खोऱ्यातून जावा हे स्वाभाविकच होते. तेथे जमीन सपाट, चढउतार नाहीत, आणि दुतर्फा कापूस. मधल्या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) तेथील कापसाची निर्यात बंद पडून हिंदी कापसाचे भाव आकाशाला भिडले होते. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने ज्वारीची शेते मोडून कापूस पेरण्याची सुरुवात तेव्हाच जोराने केली. युद्ध संपले, भाव कोसळले, परंतु पेरा राहिला. त्या पेऱ्याची सोय करण्यासाठी मध्य प्रांत व वऱ्हाड यांकरिता कापूस कमिशनर असा एक स्वतंत्र अधिकारीही नेमला गेला. त्या जागेवर असलेल्या हॅरी रिव्हेट-कार्नॅक याचे नाव या प्रांताच्या कापसाच्या इतिहासात वारंवार आढळते.

खामगाव हे त्या काळी वऱ्हाडातील कापसाचे सर्वांत मोठे पेठेचे गाव. मुख्य लोहमार्ग मात्र त्याच्या उत्तरेने आठ मैलांवरून गेला होता. एवढ्या मोठ्या पेठेने आठ मैल बंड्यांतून कापूस वाहावा, ही गोष्ट सरकारला परवडणारी नव्हती. यास्तव जलंब स्थानकापासून खामगावपर्यंत आठ मैलांचा खास फाटा सरकारी खर्चाने घालण्यात आला, आणि मार्च 1870 मध्ये त्याचे उद्घाटन करण्यासाठी प्रत्यक्ष व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावास आला. बडनेऱ्याहून अमरावतीस जाणारा असाच सहा मैलांचा फाटा पुढल्याच वर्षी झाला. आठ मैलांच्या लोहमार्गासाठी व्हाइसरॉयने वऱ्हाडात यावे, यावरून त्या आठ मैलांची किंमत सरकारच्या लेखी किती होती हे कळून येते. खामगावच्या दक्षिणेस घाट लागतो आणि घाटावर अमडापूर, चिखली, मेहकर हा मुलूख पसरलेला आहे. तेथवर मात्र फाट्याचा एकही मैल पुढे सरकला नाही. उत्तरेकडचे आठ मैल भरून निघाले. दक्षिणेकडचे अकरा कोस तसेच राहिले.

यात कोणाची दुष्टबुद्धी होती असे म्हणणे बरोबर होणार नाही. घाट चढविण्यास खर्च फार. पठारावरील जमीन बऱ्याच ठिकाणी हलकी. कापसापेक्षा ज्वारी, गहू आणि कडधान्ये यांचा पेरा अधिक. खर्चाच्या मानाने उत्पन्न किती, हा एकच प्रश्न विचारणाऱ्यास घाटावर रूळ टाकण्याचे कारण दिसत नव्हते. परंतु परिणाम असा झाला की घाटाखालचे गाव आणि घाटावरचे गाव, जी बंजाऱ्यांच्या काळी गैरसोयीत का होईना पण एका पंक्तीला बसत होती, त्यांच्या पंक्ती निराळ्या झाल्या. खामगावच्या अडत्याला मुंबईचा भाव तारेने कळू लागला. अमडापूरच्या शेतकऱ्याला तो खामगावच्या बाजारात बंडी उभी केल्यावर कळे. बंडी एकदा घाट उतरून आली म्हणजे रिकाम्या हाताने परत चढविणे परवडत नसते. त्यामुळे अडत्या जो भाव देईल तो घेणे शेतकऱ्यास भाग पडे. वाटेची अडचण ही अशा रीतीने भावातील घट होऊन शेतकऱ्याच्या पदरात पडते, आणि ती कोणाच्याही हिशेबाच्या वहीत वाटेच्या नावावर लिहिलेली सापडत नाही.

राज्यकारभाराने मात्र घाटावर येण्यास विलंब केला नाही. 1864 साली या भागाचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला, आणि पुढे तीन वर्षांनी बुलढाणा हे त्याचे मुख्य ठिकाण म्हणून कायम झाले. बुलढाणा समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच, हवा थंड, साहेबलोकांना मानवणारी. तेथून मलकापूर स्थानकास जोडणारी, राजूर घाटातून उतरणारी सडक हा त्या जिल्ह्याचा मुख्य दुवा झाला. टपाल तिकडून येई, सरकारी खजिना तिकडून जाई, बदली होऊन येणारा अंमलदारही तिकडूनच येई. जेथे सडक गेली तेथे टपाल गेले. टपालामागे शाळा-तपासनीस गेला. त्यामागे देवी टोचणारा गेला. जेथे सडक नव्हती तेथे हे तिघेही पावसाळ्याचे चार महिने येत नसत. काळ्या जमिनीतील वाट पहिल्या पावसाने चिखल होऊन जाते, बंडीचे चाक आसापर्यंत रुतते, आणि गावे बेटांसारखी होतात. शाळा आहे पण मास्तर अडकून पडला आहे, दवाखाना तालुक्याला आहे पण रोग्याला नेता येत नाही, अशी ती स्थिती.

या सोयींसाठी पैसा कोठून येई, हेही पाहण्यासारखे आहे. शेतसाऱ्यावर रस्ता, शाळा इत्यादींसाठी जादा पट्टी बसविलेली असे. 1885 च्या कायद्याने वऱ्हाडात जिल्हा व तालुका बोर्डे स्थापन झाली आणि गावोगावच्या शाळा, विहिरी, धर्मशाळा व कच्चे रस्ते यांची व्यवस्था त्यांच्याकडे आली. म्हणजे पट्टी घाटावरच्या आणि घाटाखालच्या शेतकऱ्यास सारखीच. परंतु एक मैल सडक घाटाखाली बांधण्यास आणि घाटात बांधण्यास लागणारा पैसा सारखा नव्हे. समान पट्टीतून असमान सोय निष्पन्न होते, ती येथे. यावर उपाय म्हणजे अवघड मुलखास त्याच्या उत्पन्नापेक्षा अधिक देणे. आणि हे अधिक देणे, त्या काळच्या सरकारी हिशेबात उदारतेचे लक्षण मानले जाई, कर्तव्याचे नव्हे.

याची खरी परीक्षा 1899 च्या पावसाळ्यात झाली. त्या वर्षीचा पाऊस जवळजवळ गेलाच. तीन वर्षांपूर्वीच्या टंचाईतून लोक पुरते सावरले नव्हते, तोच हा दुसरा घाला आला. संवत 1956 मध्ये पडलेला म्हणून हा छप्पन्नचा दुष्काळ या नावाने पुढे पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी राहिला. पूर्वी चांगल्या वर्षीची ज्वारी पेवांत पुरून ठेवण्याची रीत होती. परंतु कापसाने रोख पैसा हाती येऊ लागला, धान्य बाजारात विकले जाऊ लागले, आणि अनेक ठिकाणी पेवे रिती राहू लागली. लोहमार्गाने परप्रांतीचे धान्य आणले हे खरे. त्याच लोहमार्गाने पूर्वी येथले धान्य बाहेर नेले होते हेही खरे. तरीसुद्धा त्या वर्षी आगगाडीने खामगावपर्यंत धान्य येऊ शकत होते, ही गोष्ट घाटाखालच्या लोकांच्या दृष्टीने मोठा आधार होती.

घाटावर काय झाले असेल याचा विचार करताना एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. बैलगाडीची वाहतूक बैलाच्या पोटावर चालते. बैलाला वाटेत कडबा लागतो, पाणी लागते. साधारण वर्षी हा खर्च ध्यानातही येत नाही. परंतु दुष्काळात पहिला तुटवडा पडतो तो वैरणीचा, आणि माणसाच्या आधी गुरे मरतात. ज्या वर्षी वर धान्य चढविण्याची सर्वाधिक गरज, त्याच वर्षी बंडी ओढावयास बैल नाही. असला तर त्याच्या अंगात घाट चढण्याची ताकद नाही. इंजिनाला कडबा लागत नाही. रूळ आणि बैलवाट यांतील अंतर सुकाळात केवळ वेळेचे आणि पैशाचे असते. दुष्काळात ते जीविताचे होते.

शिरगणतीचे आकडे याला साक्ष आहेत. 1891 ते 1901 या दहा वर्षांत सबंध वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे 29 लाखांवरून सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली; ही घट शेकडा 5 च्या आसपास होती. त्याच काळात बुलढाणा जिल्ह्याची घट शेकडा सुमारे 12 आणि शेजारच्या वाशीम जिल्ह्याची शेकडा सुमारे 11 होती. हे दोन्ही जिल्हे मुख्यतः बालाघाटाचे होते. या साऱ्याचे खापर वाटेवर फोडणे अन्यायाचे होईल. पठाराची हलकी जमीन, पटकी आणि ताप, पोटासाठी परमुलखात गेलेले लोक, ही सर्व कारणे त्यात आहेत. परंतु ही प्रत्येक आपत्ती वाट नसल्याने अधिक तीव्र झाली, एवढे म्हणण्यास हरकत नाही. दुष्काळी कामांवर आलेल्या लोकांना वऱ्हाडात मुख्यतः खडी फोडण्याचे काम देण्यात आले. ज्या सडका आधी झाल्या असत्या तर धान्य वर चढले असते, त्या सडकांची खडी उपाशी हातांनी फोडली. इतिहासात असा विपर्यास क्वचितच इतक्या स्पष्टपणे दिसतो.

नेमक्या याच सुमारास पठाराच्या दक्षिणेस दुसरा लोहमार्ग आला. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या मार्गे सिकंदराबादेस जाणारा हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग 1900 च्या सुमारास खुला झाला. आता बालाघाटाच्या उत्तरेस खामगाव आणि दक्षिणेस जालना अशी दोन स्थानके झाली. या दोहोंना जोडणारी रेषा नकाशावर ओढली तर ती चिखली आणि देऊळगाव राजा यांच्या परिसरातूनच जाते, आणि अमडापूर तिच्या वाटेवर पडते. ही रेषा जोडावी अशी मागणी इंग्रजी अमदानीपासून होत आली आहे.

ती तेव्हा का जोडली गेली नाही याची कारणे समजण्यास कठीण नाहीत. उत्तरेचा मार्ग इंग्रज कंपनीचा, दक्षिणेचा निजामाच्या राज्यातला. उत्तरेचे रूळ साडेपाच फूट रुंदीचे, दक्षिणेचे मीटर मापाचे. एकाचा डबा दुसऱ्यावर चालणार नाही, म्हणजे मधे कोठेतरी सर्व माल उतरवून पुन्हा भरावयाचा. त्यात दोन्ही राज्यांच्या सरहद्दीवर करोडगिरीचे नाके, आणि तेथे जकात. मौज अशी की कागदोपत्री वऱ्हाडवर सार्वभौमत्व निजामाचेच होते. 1853 च्या तहाने ते गेले नव्हते, 1902 च्या कायम पट्ट्यानेही गेले नाही. एकाच धन्याच्या नावाच्या दोन मुलखांत नाका उभा होता. कापसाचा ओघ उत्तरेकडचा उत्तरेस आणि दक्षिणेकडचा दक्षिणेस, असा मुंबईस जाऊन मिळतच होता. मग मधला दुवा कोणास हवा होता? तो फक्त मधे राहणाऱ्यांस हवा होता.

1905 साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली. वाशीम जिल्हा मोडला, आणि खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्यातून काढून बुलढाणा जिल्ह्यास जोडले गेले. तेव्हापासून खामगाव आणि अमडापूर एकाच जिल्ह्यात आले. कारभाराच्या नकाशावर ते एक झाले, वाटेच्या नकाशावर मात्र पूर्वीइतकेच दूर राहिले. कोर्टाची तारीख असलेला घाटावरचा पक्षकार बुलढाण्यास जाई, कापूस घेऊन खामगावास जाई, आणि गंभीर दुखणे आले तर दोन्हीकडे पाहून देवाचे नाव घेई.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारगाडी आली आणि चित्र पालटू लागले. मोटारीला रूळ नको होते, पण पक्की सडक हवी होती. ही गोष्ट सरकारच्या ध्यानात येऊन 1927 साली रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. रस्ते हा केवळ स्थानिक बोर्डांच्या तुटपुंज्या पट्टीवर सोडून देण्याचा विषय नव्हे, त्याचा भार सबंध देशाने उचलला पाहिजे, हे तत्त्व त्या समितीने मांडले. आणि पेट्रोलवरील जादा करातून मध्यवर्ती रस्ता निधी 1929 साली निर्माण झाला. घाटावरच्या मुलखाच्या दृष्टीने या तत्त्वाचे महत्त्व फार मोठे आहे. गरीब मुलखाचा रस्ता गरीब मुलखाच्याच पैशाने व्हावा, या जुन्या हिशेबाला येथे पहिला तडा गेला.

त्यापुढचे पाऊल वऱ्हाडच्या शेजारीच पडले. डिसेंबर 1943 मध्ये सर्व प्रांतांचे मुख्य इंजिनियर नागपुरास जमले आणि त्यांनी देशाच्या रस्त्यांची वीस वर्षांची योजना आखली. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे आणि गावाचे अशी रस्त्यांची प्रतवारी तेथेच ठरली. शेतीत पुढारलेल्या मुलखातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे ध्येय त्यांनी ठेवले. या वाक्याचा अर्थ नीट पाहावा. तोवर प्रश्न असे, की या रस्त्याने माल किती जाईल? नागपूरच्या योजनेने प्रश्न केला, की या गावापासून रस्ता किती दूर आहे? पहिल्या प्रश्नात माप मालाचे आहे, दुसऱ्यात माणसाचे. याच पालटलेल्या दृष्टीने 1946 साली भोर समितीने आरोग्याविषयी लिहिले: ज्याला वैद्याचा खर्च परवडत नाही त्यालाही वैद्य मिळाला पाहिजे. 1952 नंतर देशात प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली, ती या विचाराचे फळ होत.

स्वातंत्र्यानंतरचा प्रवास बहुतेकांना माहीत आहे. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान विलीन झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ आणि मराठवाडा एकाच राज्यात आले आणि बालाघाटाच्या दक्षिणेची जुनी सरहद्द राज्याच्या पोटातील एक साधी जिल्हासीमा झाली. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. शाळा, दवाखाने, ग्रामीण रस्ते यांचा कारभार निवडून आलेल्या माणसांच्या हाती आला. एस. टी.ची मोटार घाट चढू लागली. 2000 च्या डिसेंबरात पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली. तिने आधी हजार आणि मग पाचशे वस्तीच्या गावांना बारमाही रस्त्याने जोडण्याचे ठरविले. 26 जानेवारी 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात धावू लागली. आणि मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग, ज्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, तो याच बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा या तालुक्यांतून गेला. ज्या बालाघाटाला दीडशे वर्षे बगल दिली गेली, त्याच्यावरून आता राज्यातील सर्वांत वेगवान सडक जाते.

लोहमार्गाचे मात्र तसे झाले नाही. दक्षिणेचे मीटर मापाचे रूळ विसाव्या शतकाच्या अखेरीस जालन्यापर्यंत रुंद झाले, तेव्हा मापाची अडचण उरली नाही. सरहद्द तर त्यापूर्वीच नाहीशी झाली होती. राहिला तो परताव्याचा प्रश्न. सुमारे 160 किलोमीटरच्या खामगाव-जालना मार्गाची पाहणी पुनःपुन्हा झाली, आणि खर्चाच्या मानाने उत्पन्न पुरेसे नाही, हे उत्तर पुनःपुन्हा मिळाले. 2024 च्या आरंभी महाराष्ट्र सरकारने खर्चाचा निम्मा वाटा उचलण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली ती मात्र जालना-जळगाव या अजिंठ्यावरून जाणाऱ्या निराळ्या मार्गास. अमडापुरावरून जाणारी रेषा त्या वर्षअखेरही नकाशावरचीच रेषा होती.

उत्पन्न नाही म्हणून मार्ग नाही, आणि मार्ग नाही म्हणून उत्पन्न वाढत नाही. या चक्रात कोणताही मागासलेला मुलूख एकदा सापडला की स्वतःच्या बळाने त्यातून बाहेर पडू शकत नाही. 1870 साली आठ मैलांसाठी व्हाइसरॉय आला, कारण त्या आठ मैलांचा कापूस मोजता येत होता. 1900 साली घाटावर जे घडले ते कोणत्याही मार्गाच्या जमाखर्चात मांडता येण्याजोगे नव्हते. ते शिरगणतीच्या तक्त्यात उतरले. मार्गाची किंमत ठरविताना पहिला तक्ता पाहावयाचा की दुसरा, हाच खरा प्रश्न आहे, आणि तो केवळ बालाघाटापुरता नाही.

शिवाय एक गोष्ट विसरून चालणार नाही. मोठा मार्ग आला म्हणजे काम संपले असे होत नाही. खामगावला आठ मैलांचा फाटा मिळाला, पण अकरा कोस राहिले. अकरा कोसांची सडक झाली, पण गावापासून शेतापर्यंतची पांदण राहिली. 2021 साली राज्य सरकारला शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाची स्वतंत्र योजना काढावी लागली, यातच सर्व आले. जून महिन्यात त्या पांदणीतून बियाण्याची बंडी जाते, अवघडलेली बाई दवाखान्यात जाते, आणि दप्तर डोक्यावर घेऊन पोरे शाळेत जातात. राज्याची खरी हद्द नकाशावर काढलेली नसते. पहिला जोराचा पाऊस झाल्यावर चाक जेथे रुतते, तेथे ती असते. आणि ती हद्द दरवर्षी थोडी थोडी पुढे ढकलीत नेणे हेच लोकांच्या राज्याचे काम आहे.